‘असंच असतं’ म्हणून थांबू नका

(कात्रप, बदलापूर पूर्व येथे अकरावी ते पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे कोणता कोर्स करावा, कोणती भाषा शिकावी, पॅकेज किती मिळतं, हे मी सांगीन असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं असेल. ते प्रश्न नंतर चहाच्या वेळी जरूर विचारा. आजचा विषय मी मुद्दाम वेगळा मागून घेतला आहे. मला समाजशास्त्राबद्दल बोलायचं आहे.

‘हा तर आर्ट्सचा विषय, आम्हाला कशाला?’ असा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतोय. आपल्या घरांत एक उतरंड ठरलेली आहे. दहावीला चांगले मार्क पडले तर सायन्स, जरा कमी पडले तर कॉमर्स, आणि काहीच जमलं नाही तर आर्ट्स. मुलीला आर्ट्सला घालताना तर ‘तिला कुठे नोकरी करायचीय’ हेही जोडलं जातं. आता मला सांगा, ही उतरंड कुणी लावली? तुमच्या अब्बांनी? शाळेच्या सरांनी? कुणा एकाने नाही. तरी ती कात्रपमध्ये आहे, कल्याणमध्ये आहे, लातूरमध्येही आहे. कुणा एकाने ठरवलेली नसताना सगळेजण पाळतात, अशा गोष्टी कशा तयार होतात आणि कशा टिकतात, याचा अभ्यास म्हणजे समाजशास्त्र. म्हणजे आर्ट्सला कमी का लेखतात, हा प्रश्नच समाजशास्त्राचा आहे.

आपण रोज तीन वाक्यं बोलतो. पहिलं, ‘आपलं नशीबच असं.’ दुसरं, ‘ते लोकच तसे.’ आणि तिसरं, ‘आपल्यात असंच असतं.’ ही तीन वाक्यं उच्चारली की विचार संपतो. समाजशास्त्र तिथून सुरू होतं. आज मी या तिन्ही वाक्यांबद्दल बोलणार आहे.

लोकलची सीट

सुरुवात आपल्या स्टेशनपासून करू. लोकलच्या डब्यात तीन जणांच्या बाकावर चौथा बसतो. अर्धा बाहेर, एक पाय पॅसेजमध्ये. हे रेल्वेच्या कोणत्या नियमपुस्तकात आहे? कुठेच नाही. तरी चौथ्याने ‘जरा सरका’ म्हटलं की तिघे सरकतात, आणि एखादा सरकला नाही तर अख्खा डबा त्याच्याकडे वळून बघतो. ते बघणं हीच शिक्षा. समाजशास्त्रात याला सामाजिक नियमन म्हणतात. शब्द जड आहे, पण अनुभव तुम्ही रोज घेता. अशा न लिहिलेल्या नियमांवरच आपला बराचसा दिवस चालतो: कुणापुढे बसायचं, कुणापुढे उभं राहायचं, मुलीने किती वाजता घरी यायचं, मशिदीत पहिल्या रांगेत कोण असतं, दस्तरखानवर आधी कोण जेवतं.

आता दुसरी गोष्ट. सकाळी बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत अंबरनाथ-उल्हासनगरचे काही प्रवासी आधीच बसलेले असतात. ते उलटे बदलापूरपर्यंत येतात आणि त्याच गाडीत बसून राहतात, म्हणजे पुढे खिडकी मिळते. मग आपले लोक चिडतात. ‘अंबरनाथवाले असेच, निर्लज्ज.’ आणि अंबरनाथच्या फलाटावर उभा असलेला माणूस भरून आलेली गाडी बघून म्हणतो, ‘बदलापूरवाले असेच, आत चढूच देत नाहीत.’

गंमत बघा. दोन्हीकडची माणसं एकसारखी आहेत. दोघांचं घर मुंबईत परवडलं नाही म्हणून दोघं इकडे आले. सीएसएमटीपासून आपलं स्टेशन साधारण ६८ किलोमीटर. दोघांना तेवढाच वेळ उभं राहायचं नाहीये. जनगणनेप्रमाणे कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ साली लाखाच्या आत होती. २०११ साली ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. तेव्हापासून किती टॉवर उठले ते कात्रपच्या कोणत्याही गच्चीवरून दिसतं. घरं वाढली त्या मानाने गाड्या वाढल्या नाहीत. भांडण मात्र गाड्यांच्या संख्येशी होत नाही, समोरच्या माणसाशी होतं, कारण तो दिसतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली एक पुस्तक लिहिलं, त्याचं नाव मराठीत ‘समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती’ असं होईल. त्यांचं म्हणणं साधं आहे. एका माणसाची अडचण ही त्याची खासगी अडचण असू शकते. पण तीच अडचण हजारोंना येत असेल, तर कारण त्या माणसांच्या स्वभावात शोधून मिळणार नाही. ते व्यवस्थेत शोधावं लागेल. आमच्या कामात हे रोज होतं. एका ग्राहकाची तक्रार आली की ‘त्याचा फोन जुना असेल’ असं म्हणता येतं. तीच तक्रार दहा हजारांकडून आली आणि तरीही मी ‘सगळ्यांचे फोन जुने’ म्हणालो, तर मॅनेजर मला घरी बसवेल.

म्हणून ‘आपलं नशीबच असं’ हे वाक्य आलं की आधी मोजा. हे फक्त माझ्या घरात होतंय की शंभर घरांत? बारावीनंतर एका मुलीचं शिक्षण सुटलं, तर त्या घराचं काही कारण असेल. एका मोहल्ल्यातल्या निम्म्या मुलींचं सुटत असेल, तर कॉलेज किती लांब आहे, संध्याकाळच्या गाडीत गर्दी किती आहे, फी कधी भरायची असते, लग्नं कोणत्या वयात ठरतात, हे बघावं लागेल. नशिबाला अर्ज करता येत नाही. गाडीच्या वेळेसाठी करता येतो.

हा विषय आला कुठून

१८३०च्या दशकात ऑग्युस्त कॉम्त या फ्रेंच विचारवंताने ‘सोशिऑलॉजी’ हा शब्द रूढ केला. पण त्याच्या साडेचारशे वर्षं आधी एका माणसाने हे काम सुरू केलं होतं. इब्न खल्दून, जन्म १३३२, ट्युनिस. १३७७ साली त्यांनी ‘मुकद्दिमा’ लिहून काढला. राज्यं का उभी राहतात आणि का पडतात, वाळवंटातल्या टोळ्यांमध्ये एकोपा जास्त का असतो आणि शहरात स्थिरावल्यावर तो का विरतो, याची कारणं ते राजांच्या गुणदोषांत कमी आणि लोकांच्या राहणीत, कामात, आपसांतल्या बांधिलकीत जास्त शोधतात. त्या बांधिलकीला त्यांचा शब्द आहे ‘असबिया’.

मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. त्यांच्या आधीच्या नामवंत इतिहासकारांनी लिहून ठेवलं होतं की हजरत मूसांनी वाळवंटात बनी इस्राईलचं सैन्य मोजलं तेव्हा ते सहा लाखांहून जास्त भरलं. इब्न खल्दून म्हणतात, थांबा. हजरत याकूबपासून हजरत मूसांपर्यंत पिढ्या किती? एवढ्या पिढ्यांत एवढी माणसं होतील का? एवढं सैन्य एका रणात उभं तरी राहील का, एका टोकाचं दुसऱ्या टोकाला कळेल का? आकडा सांगणारा कितीही मोठा असला तरी आकडा समाजाच्या वास्तवाशी ताडून बघा, हे त्यांनी साडेसहाशे वर्षांपूर्वी सांगितलं. आपल्याला सकाळी आलेला फॉरवर्ड संध्याकाळपर्यंत चार ग्रुपवर गेलेला असतो.

इब्न खल्दूनचं नाव मी ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ असं मिरवायला घेतलेलं नाही. त्यांच्याकडून घ्यायची ती ताडून बघण्याची सवय. ती घेतली नाही तर नावाचा उपयोग नाही.

आपल्या मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. पॅट्रिक गेडिस हे पहिले प्रमुख, मग १९२४पासून मालवणचे गो. स. घुर्ये. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. म्हणजे भारतात हा विषय जिथे रुजला ते ठिकाण इथून लोकलच्या एका तिकिटावर आहे. आणि त्याच्याही आधी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

‘ते लोकच तसे’

तुमच्यापैकी किती जणांना कधी ना कधी ऐकायला मिळालंय, ‘अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता!’ बघा, जवळजवळ सगळे हात वर आहेत. बोलणारा कौतुकच करत असतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. पण घरी दखनी किंवा कोकणी, शाळेत मराठी, क्लासमध्ये इंग्रजी अशा तीन भाषांत वाढलेल्या मुलाला त्याने नकळत सांगितलेलं असतं, की तू इथला असशील असं मला वाटलं नव्हतं. इथे त्या माणसावर चिडण्यापेक्षा विचारायला हवं, की त्याच्या डोक्यात मुसलमानाचं जे चित्र आहे ते आलं कुठून? सिनेमातून? बातम्यांतून? की त्याच्या इमारतीत, वर्गात, ऑफिसात मुसलमान कधी राहिलाच नाही म्हणून?

चित्र आणि वास्तव यांत अंतर किती असतं, याचं एक उदाहरण. ‘मुसलमानांची मुलं मदरशातच शिकतात’ हे किती वेळा ऐकलं असेल. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात आकडा आहे: शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी जेमतेम तीन-चार टक्के. बाकीची तुमच्यासारखीच, नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या, खासगी शाळांत. त्यामुळे खरा प्रश्न मदरशाचा कमी आणि शाळेतून लवकर गळण्याचा जास्त आहे. आकडा नसेल तर आपण चुकीच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडत बसतो.

दुसरा अभ्यास २००७ सालचा, सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅट्वेल यांचा. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी: काही सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्या अर्जांमागे माणूसच नव्हता. म्हणजे स्वभाव, वागणं, मुलाखतीतलं इंग्रजी, काही काही नाही. फक्त नाव.

हे ऐकून निराश होऊ नका. उलट हा अभ्यास मला धीर देतो. कारण अर्ज करून उत्तर आलं नाही की आपण स्वतःला खातो, ‘माझ्यातच काही कमी आहे’ म्हणतो. कधी खरंच कमी असतं, तेव्हा अभ्यास वाढवावा. पण दर वेळी तेच कारण नसतं, हे माहीत असणं आपल्या मनासाठी गरजेचं आहे.

घराचंही तसंच. काही वर्षांपूर्वी मी याच पट्ट्यात भाड्याने घर शोधत होतो. एजंट फोनवर उत्साहात होता. नाव सांगितल्यावर म्हणाला, ‘मालकांना विचारून कळवतो.’ मालक स्वतः भेटले, चहा पाजला, म्हणाले, ‘माझं काही नाही हो, सोसायटीचं म्हणणं असतं.’ मग कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, ‘आमचंही काही नाही, पण मेंबर लोकांना चालत नाही.’ मेंबर म्हणजे कोण? तर एजंट, मालक आणि ते गृहस्थ यांच्यासारखीच माणसं. प्रत्येकाचं ‘माझं काही नाही’ आणि सगळ्यांचं मिळून ‘नाही’. समाजशास्त्र ज्याला रचना म्हणतं ती मला पुस्तकापेक्षा त्या दिवशी जास्त कळली.

इथे एक प्रयोग सांगतो, तो आम्हा कॉम्प्युटरवाल्यांचा आवडता आहे. थॉमस शेलिंग यांनी १९७१ साली तो मांडला, पुढे २००५ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बुद्धिबळाच्या पटावर दोन प्रकारची नाणी विखरून ठेवा, काही घरं रिकामी सोडा. नियम एकच: शेजाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश तरी आपल्यासारखे असतील तर नाणं समाधानी, नाहीतर ते रिकाम्या घरात जातं. कुणालाही दुसऱ्याचा द्वेष नाही. दोन तृतीयांश वेगळे शेजारी चालतात. तरी थोड्या फेऱ्यांनंतर पट जवळपास फाटलेला दिसतो, इकडे एक रंग, तिकडे दुसरा. याचा प्रोग्रॅम पन्नास-साठ ओळींत होतो. ज्यांना कोडिंग शिकायचंय त्यांनी जरूर लिहून बघा.

आता मुंब्रा आठवा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं तिकडे गेली. पहिलं कारण भीती. मग दुसरीकडे घर नाकारलं जाणं. मग आपले नातेवाईक, मशीद, ओळखीचा खाटीक, निकाहला हॉल, सगळं तिथेच मिळतं ही सोय. शेलिंगच्या पटावर फक्त तिसरं कारण होतं, तरी तो फाटला. आपल्याकडे तिन्ही आहेत. आणि एकदा वस्त्या वेगळ्या झाल्या की मघाचा ‘मराठी किती छान बोलता’ म्हणणारा माणूस तयार होतो. त्याला मुसलमान भेटतो तो थेट मोबाइलच्या पडद्यावर. हे दोन्ही बाजूंनी होतं. मुंब्र्यात वाढलेल्या आपल्या एखाद्या मुलाचा एकही हिंदू मित्र नसेल, तर ‘ते लोकच तसे’ हे वाक्य त्याच्याही तोंडी तितक्याच सहज येतं.

‘आपल्यात असंच असतं’

इथपर्यंत टाळ्या सोप्या आहेत, कारण आपण दुसऱ्यांबद्दल बोललो. आता घरात येऊ.

आपण अभिमानाने म्हणतो, इस्लाममध्ये जात नाही. मशिदीच्या रांगेत खरंच नाही. पण लग्नाचा बायोडेटा काढा. तिथे काय लिहिलेलं असतं? आता आंबेडकरांच्या त्या निबंधाकडे येतो. जातीचं मर्म काय, तर गटातल्या गटात लग्न, असं त्यांनी मांडलं. स्पर्श, जेवण, व्यवसाय हे सगळं बाजूला ठेवलं तरी जोवर लग्नाचं दार बंद आहे तोवर जात जिवंत राहते. इंजिनिअरला हे पटकन पटतं, कारण त्यांनी अख्ख्या यंत्रातला तो एक भाग दाखवला जो काढला तर यंत्र थांबतं. त्या कसोटीवर आपल्याला लावून बघा. सय्यद-पठाणांच्या घरातून तांबोळ्याच्या घरी मुलगी दिली जाते का? कोकणी जमातीत बाहेरची सून आली तर खाला काय कुजबुजतात? ‘आपल्यात जात नाही, फक्त बिरादरी असते,’ हे उत्तर आंबेडकरांच्या कसोटीवर टिकत नाही.

हे संशोधकांनी लिहून ठेवलेलं आहे. इम्तियाज अहमद यांनी भारतीय मुसलमानांमधल्या जाती आणि स्तरांवरचा लेखसंग्रह १९७३ साली संपादित केला. आणि महाराष्ट्रात हे पुस्तकापुरतं राहिलं नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची संघटना उभी केली, अभिनेते दिलीपकुमार त्या कामासाठी उभे राहिले. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा कष्टकरी जमातींच्या मुलांना त्यातून सवलतीचे दाखले मिळायला मदत झाली. तुमच्यातल्या काहींनी प्रवेशाच्या फॉर्मला तो दाखला जोडलाही असेल. ‘आमच्यात जात नाही’ म्हणून सगळे गप्प बसले असते, तर तो दाखला कुणी मागितलाच नसता. आपल्यातली विषमता मान्य केली म्हणून हक्क मिळाला.

तसंच स्त्रियांचं. ‘आमच्या बायका समाधानी आहेत, त्यांची काही तक्रार नाही,’ हे सभांमध्ये पुरुष बोलतात. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तेव्हा सातच का, असं हसणारे होते. पण त्या दिवशी बायका स्वतःबद्दल स्वतः बोलत होत्या. पुढे २०१५ साली भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम स्त्रियांना प्रश्न विचारले. तोंडी तलाक बंद व्हावा असं ९२ टक्क्यांहून जास्त जणी म्हणाल्या. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्दबातल ठरवला.

आता इथेच समाजशास्त्राचा विद्यार्थी आणखी एक प्रश्न विचारील. हा सर्व्हे ज्या संघटनेने केला, तीच या मागणीसाठी लढत होती. मग बायका निवडल्या कशा? गरीब वस्तीतल्या किती, नोकरदार किती? प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला? मला स्वतःला ती मागणी पटते. तरी हे प्रश्न मी विचारतो. आपल्याला न आवडणारा आकडा कोणीही तपासतो. आवडणारा आकडा तपासणं, हे या विषयाचं शिक्षण.

काही जणांना शंका येईल, की हे सगळं धर्माच्या विरुद्ध तर नाही? समाजशास्त्र ईमान खरं की खोटं हे ठरवत नाही. ते त्याचं कामच नाही. दीन काय सांगतो हे तुम्ही आलिमांना विचारा, स्वतः वाचा. पण लोक प्रत्यक्षात काय करतात, हुंडा घेतात की नाही, मुलीला वारशातला वाटा देतात की नाही, हे लोकांत जाऊनच कळतं. कुराणाने मुलीला वाटा दिला आहे हे आपण भाषणात सांगतो. तो तिच्या हातात पडला का, हे सातबाऱ्यावर बघावं लागतं.

मुंबई जळाली, भिवंडी नाही

आता शेवटचा प्रश्न. हे सगळं कळून उपयोग काय?

कल्याणची खाडी ओलांडली की भिवंडी. यंत्रमागांचं गाव, उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, कोकणी मुसलमान, आगरी, सगळे तिथे. १९७० साली तिथे भीषण दंगल झाली, मे १९८४मध्ये पुन्हा. महाराष्ट्रात दंगल म्हटलं की भिवंडीचं नाव घेतलं जायचं. ‘ते गावच तसं’ असं सगळे म्हणायचे. मग १९९२-९३ला मुंबई जळत असताना भिवंडीही पेटणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे मुंबईत ९०० माणसं मेली. भिवंडी शांत राहिली.

माणसं तीच होती, मशिदी-मंदिरं तीच होती. बदललं काय? १९८८पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. दर वस्तीत हिंदू-मुसलमान दोघांची मिळून कमिटी. पुढारी कमी, साधी माणसं जास्त: दुकानदार, कारखान्यातले कामगार, शिक्षक. ठरावीक दिवशी बैठक, पोलीस हजर. विषय काय, तर नळाचं भांडण, भाडेकरूची तक्रार, मिरवणुकीचा रस्ता. चार वर्षं लोक एकमेकांना नावानिशी ओळखू लागले आणि त्यांना एकत्र बसून तंटा सोडवायची सवय लागली. डिसेंबर १९९२मध्ये अफवा आल्या तेव्हा त्या तपासायला माणसं आणि फोन नंबर तयार होते.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२च्या आपल्या पुस्तकात शहरांच्या जोड्या लावून हाच प्रश्न विचारला: अलीगढमध्ये दंगली होतात, कोझिकोडमध्ये का नाही? त्यांचं उत्तर आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. शेजाऱ्याला ईदचा शिरखुर्मा देणं आणि त्याच्याकडून दिवाळीचा फराळ येणं, हे चांगलंच आहे. लहान गावात एवढं पुरतं. पण शहरात तणाव वाढला की नुसती अशी ओळख तुटते. टिकतात ती नाती, जी एखाद्या कामाने बांधलेली असतात: व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालय, क्लब. त्यांत दोन्ही समाजांचे लोक एकत्र असतील तर अफवेला धक्का बसतो, कारण दंगलीत नुकसान दोघांचं होणार असतं.

याचा अर्थ कात्रपसाठी काय? सोसायटीच्या वार्षिक सभेला आपल्या घरातलं कोणी जातं का? रेल्वे प्रवासी संघटनेत आपण आहोत का? शाळेच्या पालक सभेत अम्मी बोलतात का? गणेशोत्सवाच्या रक्तदान शिबिरात आपण नाव देतो का, आणि मोहल्ल्यातल्या वैद्यकीय शिबिराला शेजारच्या इमारतीला बोलावतो का? आपण अनेकदा ‘आपल्याला कोण विचारणार’ म्हणून बाजूला राहतो. बाजूला राहिलं की मघाच्या त्या सोसायटीत ‘मेंबर लोकांना चालत नाही’ हे वाक्य खोडून काढायला कोणी उरत नाही.

पहिला अभ्यास

ज्यांना हा विषय शिकायचा आहे त्यांच्यासाठी: महाराष्ट्र बोर्डाला अकरावी-बारावी आर्ट्समध्ये समाजशास्त्र आहे, बीए-एमएला आहे, मुंबई विद्यापीठात आणि देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पुढचं शिक्षण आहे, यूपीएससीला हा ऐच्छिक विषय घेता येतो. आणि जे सायन्स-कॉमर्सला राहणार आहेत, त्यांनी डोळे तेवढे घेऊन जावेत. डॉक्टरला, वकिलाला, कोडिंग करणाऱ्यालाही ते लागतात.

आजचा गृहपाठ साधा आहे. एक वही घ्या. आपल्या इमारतीतल्या किंवा चाळीतल्या वीस घरांना पाच प्रश्न विचारा. आधी कुठे राहत होता? इथे कोणत्या वर्षी आलात? तिथून का निघालात? या घराची माहिती कुणी दिली? आणि अडचणीला पहिला फोन कुणाला करता? हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिश्चन, जे असतील त्या सगळ्यांना विचारा. आधी सांगा की कशासाठी विचारताय. वहीत नावं लिहू नका, फक्त आकडे टाका. कुणाला सांगायचं नसेल तर आग्रह करू नका, शुक्रिया म्हणून पुढे जा.

बरीचशी घरं परळ-लालबागच्या चाळींतून, घाटकोपर-कुर्ल्याच्या खोल्यांतून, गावाकडून आलेली निघतील असा माझा अंदाज आहे. माझा अंदाज चुकीचा ठरवून दाखवलात तर मला जास्त आनंद होईल. शेजारच्या उल्हासनगरात हीच वही धरली, तर कितीतरी घरांत आजोबांचं उत्तर सिंधमधल्या गावाचं नाव असेल. फाळणीनंतर लष्कराच्या छावणीत निर्वासितांना वसवून ते शहर झालं, ८ ऑगस्ट १९४९ला त्याला नाव मिळालं. या पट्ट्यात ‘मूळचे आम्ही’ म्हणण्याचा हक्क आगरी आणि आदिवासी बांधवांना आहे. बाकी आपण बहुतेक सगळे कुठून तरी आलेलो आहोत.

महिन्याभराने वह्या घेऊन इथेच बसू. सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडू. मला सगळ्यात आधी चौथा रकाना बघायचा आहे, ‘घराची माहिती कुणी दिली’. कोण कुणाच्या शेजारी राहतं आणि का, याचं अर्धं उत्तर तिथे असेल. उरलेलं अर्धं, ज्यांना माहितीच मिळाली नाही किंवा मिळूनही घर मिळालं नाही, त्यांच्याकडे आहे. त्यांना कसं शोधायचं, हे तुम्ही विचार करून या.